पेढीची आवरसावर

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो हिशोबाचाही सण आहे, ही गोष्ट आपण नोकरदार माणसे सहसा विसरतो. आपल्या घरी आकाशकंदील लागतो, करंज्या तळल्या जातात, मुले फटाक्यांवरून भांडतात. परंतु व्यापाऱ्याच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोरी वही पूजेला मांडतात. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी दौत आणि लेखणी. जुनी वही त्या दिवशी बासनात जाते. पण ती नुसती बांधून ठेवून भागत नाही. तिच्यातले येणे, तिच्यातले देणे आणि हाती उरलेली शिल्लक नव्या वहीत ओढावी लागते. येणे तेवढे ओढायचे आणि देणे जुन्या वहीतच राहू द्यायचे, हे ज्याच्या हातून होत नाही तो खरा व्यापारी.

या दिवाळीत मला ज्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे, त्यांच्या वाट्याला अशीच एक जुनी वही आली होती. तिच्या एका पानावर कापूस, साखर, लोखंड आणि विजेचे दिवे यांचे जमाखर्च होते; दुसऱ्या पानावर वडिलांनी एका महात्म्याला दिलेला शब्द होता. या गृहस्थांचे नाव कमलनयन बजाज. वर्ध्याच्या जमनालालजींचे हे थोरले चिरंजीव आणि राहुल बजाज यांचे वडील. वडिलांचे नाव स्वातंत्र्याच्या इतिहासात गेले, चिरंजीवांचे नाव स्कूटरमुळे घरोघर पोचले. मधल्या कमलनयनजींचे नाव मात्र आमच्या वर्धा जिल्ह्याबाहेर आज फारसे निघत नाही. मधल्या पिढीचे हे नेहमीचेच नशीब. पहिली पिढी पाया घालते, तिसरी कळस चढविते. मधली पिढी भिंती ओळंब्यात आणते, आणि ओळंबा पाहायला कोण थांबतो?

कापसाचे देणे

मी हिंगणीचा. सेलू तालुक्यातले, बोरच्या जंगलाला लागून असलेले हे आमचे गाव. १९६५ साली गावाजवळ बोर नदीवर धरण झाले, १९७० साली मागच्या जंगलाला अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०१४ साली तिथे व्याघ्र प्रकल्प आला. त्यामुळे आता हिंगणीचे नाव निघते ते वाघ पाहायला निघालेल्या मोटारींच्या वाटेवरचे गाव म्हणून. परंतु जुन्या माणसांना विचाराल तर ते सांगतील की आमच्या भागाची खरी ओळख कापसाची. कपाशीची पहिली वेचणी व्हायची तेव्हा शेतात सीतादही व्हायची, आणि दसरा उलटला की कापसाने शीग लावून भरलेल्या बंड्या सेलूच्या आणि वर्ध्याच्या वाटेला लागायच्या. दिवाळीला पोरांच्या अंगावर नवे कापड चढायचे की नाही, हे त्या बंडीच्या भावावर ठरायचे.

त्या बंडीतल्या कापसाचे पुढे काय होई, तेही सांगतो, कारण आपल्या कथेचा उगम तिथेच आहे. कापूस रेच्यावर पडला की त्याची रुई आणि सरकी वेगळी होते. शंभर शेर कापसातून साधारण तेहेतीस-चौतीस शेर रुई निघते, बाकी सरकी. मग ती रुई दाबून तिची गठाण बांधायची. इंग्रजी अमदानीत ही गठाण ३९२ पौंडांची धरीत. गठाण रेल्वेने मुंबईला जाई, आणि तिथून पुष्कळदा लिव्हरपूलला. शेतकऱ्याच्या हाती एकदा पैसा पडे. त्यानंतर मात्र रेचा, दाब, दलाली, गोदाम आणि वाहतूक अशा प्रत्येक पायरीवर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती थोडा थोडा पैसा पडत जाई.

वर्धा हे गावच मुळी या व्यवहारासाठी उभे राहिले असे म्हटले तरी चालेल. १८६२ साली नागपूरपासून तोडून वेगळा जिल्हा केला, आणि १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे नवे ठाणे आखले. पाठोपाठ मुंबईहून नागपूरला जाणारी आगगाडी आली. रस्ते सरळ, चौक मोकळे, आणि स्टेशनाजवळ जिनांची धुराडी. राजपुतान्यातून आलेल्या मारवाडी पेढ्यांनी या गावात बस्तान बसविले. कापूस घ्यायचा, पेरणीला कर्ज द्यायचे, आणि हंगामात दोन्हींची वजावट करायची, हा त्यांचा शिरस्ता. या पेढ्यांपैकी एक शेठ बच्छराज बजाज यांची.

हे सर्व सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की पुढे ज्याला आपण मोठे उद्योगघराणे म्हणू लागलो, त्याच्या मुळाशी हिंगणीसारख्या शेकडो गावांची बोंडे आहेत. हे देणे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. पण ते आहे.

दत्तक नातू आणि पाचवा पुत्र

बच्छराजांच्या वंशाला वारस नव्हता. सीकर संस्थानातल्या काशी का बास या खेड्यात ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जन्मलेला एक मुलगा त्यांनी लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतला. तेच जमनालालजी. पोरगा मोठा मानी निघाला. १९०७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एका लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा बोलले, तेव्हा त्यांच्या संपत्तीवरचा आपला सारा हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून ठेवून तो घरातून निघून गेला. आजोबांनी समजूत घालून परत आणले. आणि त्याच वर्षी आजोबा वारले. पेढी सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलाच्या हाती आली. जी संपत्ती आपण एकदा सोडली तिचे आपण मालक नव्हे, रखवालदार आहोत, ही भावना त्यांच्या मनात तेव्हापासून राहिली असावी. गांधीजींचा विश्वस्तपणाचा विचार त्यांना पुढे पटला तो काही आकाशातून पडला म्हणून नव्हे. जमीन आधीच नांगरलेली होती.

पुढची हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. १९२० साली नागपूरच्या काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. मला आपला पाचवा पुत्र माना, अशी त्यांनी गांधीजींना विनंती केली आणि गांधीजींनी ती मान्य केली. सरकारने दिलेली रायबहादुरी त्यांनी परत केली. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. १९२८ साली वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला राहायला आले ते त्यांच्याच आग्रहाने, आणि १९३६ मध्ये जवळच्या सेगावला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले.

लोक एवढे सांगून थांबतात. परंतु याच वर्षांत पेढीचे काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. या उद्योगसमूहाची सुरुवात १९२६ साली झाली असे मानतात. १९३१ साली संयुक्त प्रांतातल्या लखीमपूर-खिरी जिल्ह्यात गोला गोकर्णनाथ येथे हिंदुस्थान शुगर मिल्स निघाली. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि चार-पाच वर्षांत देशातले साखर कारखाने तिशीवरून शंभराच्या पुढे गेले; त्या लाटेच्या थोडे आधीच ही गिरणी उभी राहिली होती. १९३७ च्या सुमारास मुकंद हा लोखंडाचा कारखाना हाती आला. त्याचा एक पाय लाहोरला, दुसरा मुंबईला. १९३८ साली रेडिओ लॅम्प वर्क्स ही विजेच्या दिव्यांची कंपनी निघाली. म्हणजे देशसेवेत बुडालेल्या या माणसाच्या मागे, पाच-सात वर्षांत, एकमेकांशी काही संबंध नसलेले उद्योग गोळा झाले होते. उसाचा पोलादाशी काय संबंध? आणि पोलादाचा कापसाशी काय? संबंध एकच, आणि तो म्हणजे जमनालालजी स्वतः. त्यांच्या शब्दावर भागीदार विश्वास ठेवीत, मुनीम राबत, बँका पैसे देत.

एका माणसाच्या पुण्याईवर उभा असलेला व्यवहार त्या माणसाबरोबर संपतो, असा जगाचा अनुभव आहे. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्याला जमनालालजी अचानक वारले. वय अवघे बावन्न.

विधवेचा त्याग आणि मुलाचे कर्तव्य

त्या दिवशी जे घडले त्याची आठवण वर्ध्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जानकीदेवींच्या मनात सती जाण्याचा विचार आला. गांधीजींनी त्यांना सांगितले की देह जाळण्यापेक्षा तो पतीच्या कामाला द्यावा. जानकीदेवींनी ते मानले. स्वतःच्या वाट्याची संपत्ती त्यांनी गोसेवेला अर्पण केली, आणि पुढची सदतीस वर्षे त्या कामात घालविली. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७९ साली त्या वारल्या. जमनालालजींची सार्वजनिक कामे कोणी कोणती चालवायची, हे ठरविण्यासाठी गांधीजींनी त्यांच्या स्नेह्यांची बैठक वर्ध्यालाच बोलाविली होती.

कमलनयनजी तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. जन्म २३ जानेवारी १९१५. बालपण आश्रमाच्या शिस्तीत, विनोबांच्या सहवासात गेलेले. पुढचे शिक्षण केंब्रिजला. एका हाताला टकळी आणि दुसऱ्या हाताला ताळेबंद असे हे विलक्षण शिक्षण होते. त्यांच्यापुढचा पेच मला फार खरा वाटतो. वडिलांनी सोडले, आईने सोडले. सोडणे हे त्या घरात कीर्तीचे काम होते. आता उरले ते सांभाळण्याचे, आणि सांभाळण्यात कीर्ती नसते. साखर कारखान्यातल्या मजुराचा पगार त्यागाने होत नाही. भागधारकाचा नफा प्रार्थनेने येत नाही. कुणीतरी बसून हिशोब पाहायला हवा होता.

त्यात काळ मोठा वाईट. बेचाळीसची चळवळ, महायुद्धाची टंचाई, आणि सत्तेचाळीसची फाळणी. मुकंदचा लाहोरचा कारखाना परक्या देशात गेला; मुंबईच्या पायावरच सारा भार आला. आवरसावर व्हायची ती अशा पडझडीच्या घरात. कारभाराची प्रत्यक्ष सूत्रे कमलनयनजींनी हाती घेतली ती १९५४ साली. मला या बारा वर्षांचे महत्त्व वाटते. वारसाहक्काने गादीवर बसणे आणि कारभार हाती घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आवरसावर म्हणजे काय

गृहिणींना हे मी सांगायला नको. दिवाळीच्या आधी घर आवरायला काढले की पहिल्या दिवशी ते पूर्वीपेक्षा अधिक पसरलेले दिसते. प्रत्येक डबा खाली येतो, प्रत्येक बोचके सुटते. मग कशाची जागा कुठली, हे ठरते. आणि पुष्कळदा असे दिसते की टाकून देण्यासारखे थोडेच होते, अडचण होती ती जागेवर नसण्याची.

मोठ्या उद्योगाचेही तसेच. अमेरिकेत जनरल मोटर्स ही कंपनी ड्युरंट नावाच्या धडाडीच्या माणसाने एकामागून एक कारखाने विकत घेऊन वाढविली. गाड्या अनेक, पण त्या एकमेकींशीच स्पर्धा करीत आणि कुणाच्या हिशोबाचा कुणाला पत्ता नसे. १९२३ साली आल्फ्रेड स्लोन हे अध्यक्ष झाले. त्यांनी प्रत्येक कारखान्याला स्वतंत्र प्रमुख दिला, पण पैशाची देखरेख एका जागी आणली. आणि प्रत्येक मोटारीने कोणत्या किमतीच्या गिऱ्हाइकाकडे पाहायचे ते ठरवून दिले. काम वाटायचे आणि हिशोब एकत्र ठेवायचा, हे आधुनिक कारभाराचे सूत्र तिथून जगभर गेले.

आपल्याकडे या गोष्टीला एक अडथळा होता. त्याचे नाव मॅनेजिंग एजन्सी. कंपनी कागदावर भागधारकांची; पण तिचा कारभार करार करून एखाद्या घराण्याच्या पेढीकडे सोपविलेला. पेढीला त्याबद्दल कमिशन. एकाच पेढीच्या ओंजळीत दहा कंपन्या, आणि एकीचा पैसा दुसरीत गेला तरी बाहेरच्याला कळायचे नाही. १९५६ च्या कंपनी कायद्याने या व्यवस्थेला वेसण घातली. कमिशन निव्वळ नफ्याच्या दहा टक्क्यांपुरते आणि १९६० नंतर एका एजंटाकडे दहापेक्षा अधिक कंपन्या नाहीत, असे ठरले. १९७० साली तर ती पद्धतच बंद झाली. म्हणजे कमलनयनजींच्या कारकिर्दीची अठरा वर्षे ही पेढीचे युग संपून कंपनीचे युग सुरू होण्याची वर्षे होत. देशातल्या प्रत्येक उद्योगघराण्याला त्या वर्षांत आपली वही उघडून दाखवावी लागली. काही घराण्यांना ते जमले नाही आणि त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

बजाजांच्या घरात या बदलाची सर्वांत ठळक खूण १९६० साली दिसते. १९४५ च्या नोव्हेंबरात निघालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १९४८ पासून परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकीत होती. १९५९ साली तिला त्या इथे बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला, आणि १९६० साली ती सार्वजनिक कंपनी होऊन तिचे नाव बजाज ऑटो झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला रेडिओ लॅम्प वर्क्सचे नाव बजाज इलेक्ट्रिकल्स झाले. नाव बदलणे ही वरवर पाहता पाटी रंगविण्याची बाब. पण विचार करा. तोवर धंद्यावर पणजोबांचे नाव होते किंवा वस्तूचे. आता मालावर घराण्याचे आडनाव चढले. पंखा बिघडला तर शिवी आडनावाला, आणि स्कूटर चांगली चालली तर शाबासकीही आडनावाला. वेगवेगळ्या कंपन्यांना बांधणारा धागा आता जमनालालजींच्या पुण्याईऐवजी बाजारातल्या विश्वासाचा झाला. एका माणसाबरोबर न मरणारी पुण्याई निर्माण करणे, हाच माझ्या मते त्या आवरसावरीचा गाभा होय.

आकुर्डीचे माळरान

स्कूटरचे भूमिपूजन पुण्याजवळ आकुर्डीला १९६० साली झाले. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीशी तांत्रिक करार होता. तिची व्हेस्पा इथे बनू लागली, आणि तिच्याच जातीची तीनचाकी म्हणजे आपली ऑटोरिक्षा. माणसाने माणसाला ओढण्याची किंवा पायडल मारून नेण्याची लाज त्या तीन चाकांनी पुष्कळ कमी केली, हे विसरू नये. या कामात पुण्याच्या नवलमल फिरोदियांचा वाटा फार मोठा. फिरोदिया आणि बजाज या दोन्ही घरांनी मिळून हा उद्योग उभा केला. १९५८ साली निघालेल्या बजाज टेंपोतही दोघे होते. १९६८ च्या सुमारास दोन घरांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बजाज ऑटो इकडे राहिली, टेंपो तिकडे गेली आणि २००५ साली फोर्स मोटर्स झाली. या ताटातुटीने मने दुखावली ती पुढे पुष्कळ वर्षे. आवरसावरीत एखादे जुने भांडे हातातून सुटते, त्याचा आवाज घरभर होतो.

इकडे गोल्याच्या साखरेला उदयपूरच्या सिमेंटची जोड मिळाली, मुकंदचे पोलाद मुंबईजवळ कळव्याला वाढले. ही वाढ कमलनयनजींच्या काळातली. परंतु या काळाचे एक वैगुण्यही सांगितले पाहिजे. १९५१ च्या कायद्याने किती माल काढायचा हे सरकारच्या परवान्यावर ठरे. परवाना ज्याच्या हाती त्याला स्पर्धेची धास्ती नाही, आणि गिऱ्हाइकाला निवड नाही. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. हुंड्याच्या बोलणीत तिचा नंबर मांडला जाई. दोष एका कंपनीचा नव्हे, त्या व्यवस्थेचा. तथापि व्यवस्थेचा लाभ ज्यांना झाला त्यांत या घराण्याचे नाव येतेच. १९७० साली बजाज ऑटोतून एक लाखावे वाहन बाहेर पडले. १९७१ मध्ये इटलीचा करार संपला, आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली.

चेतक धावू लागण्याच्या त्या वर्षातच, १ मे १९७२ रोजी, कमलनयनजी वारले. वय सत्तावन्न. वडिलांपेक्षा पाचच वर्षे जास्त.

खासदार आणि शेठ

आमच्या जिल्ह्याला ते ठाऊक होते ते शेठ म्हणून कमी आणि खासदार म्हणून अधिक. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत वर्ध्याने त्यांना लोकसभेत पाठविले. १९६९ साली काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिराजींच्या बाजूला गेले नाहीत, जुन्या संघटनेबरोबर राहिले. ज्याचा एकेक कारखाना सरकारी परवान्यावर चालतो, त्याने सरकार पक्षाच्या विरुद्ध बसणे, ही व्यापारी शहाणपणाची गोष्ट नव्हे. ती जमनालालजींच्या वहीतून ओढलेली शिल्लक होती. १९७१ च्या निवडणुकीत वर्ध्याची जागा दुसऱ्याकडे गेली.

त्यांच्यामागे धाकटे बंधू रामकृष्णजी समूहाचे प्रमुख झाले. व्यापाऱ्यांनी स्वतःच स्वतःवर सचोटीचे नियम घालावेत म्हणून १९६६ मध्ये जी संस्था निघाली, तिच्या स्थापनेत ते होते. आणीबाणीत, १९७६ साली, या घराण्याच्या कचेऱ्यांवर आयकराच्या मोठ्या धाडी पडल्या. वही स्वच्छ ठेवण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते. बजाज ऑटोची धुरा राहुलजींनी १९६८ मध्येच, तिशीत, घेतली होती. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना झाला, पुढे चाकणला तिसरा.

नंतर तिसऱ्या पिढीत वाटण्या आल्या. कमलनयनजींच्या दोन मुलांतच वाद झाला आणि २००८ च्या सुमारास साखर धाकट्या शिशिरजींकडे गेली. त्याच वेळी बजाज ऑटोचेही तीन भाग झाले: वाहने एकीकडे, वित्त आणि विमा दुसरीकडे, गुंतवणूक तिसरीकडे. वरवर पाहणारा म्हणेल, बापाने जमविले आणि मुलांनी विस्कटले. मला तसे वाटत नाही. जुन्या पेढीची वाटणी झाली असती तर पेढी मोडली असती. कारण तिथे सगळे एकाच थैलीत होते. इथे प्रत्येक कंपनीचा हिशोब, कारभारी आणि नाव स्वतंत्र होते, म्हणून भावाभावांचे बिनसले तरी गोल्याच्या गिरणीचा भोंगा थांबला नाही आणि आकुर्डीच्या कामगाराचा पगार थांबला नाही. घर नीट आवरलेले असले की वाटणी सुद्धा सभ्यपणे करता येते.

देण्याचे पान

आता त्या न लिहिलेल्या देण्याकडे वळतो. हिंगणीच्या माणसाने हे लिहायला घेतले आणि एवढा प्रश्न विचारला नाही, तर तो गावाशी बेइमान ठरेल. कारखाने आकुर्डीला झाले, वाळूजला झाले, कळव्याला झाले. ज्या कापसावर पेढी उभी राहिली त्या कापसाच्या गावांना काय मिळाले?

वर्ध्याला शाळा-कॉलेजे मिळाली, हे खरे. १९१४ साली जमनालालजींनी सुरू केलेल्या शिक्षा मंडळाची वाणिज्य आणि विज्ञानाची महाविद्यालये आहेत, आणि आमच्या भागातली किती मुले तिथे शिकून पोटाला लागली याची गणती नाही. सेवाग्राम आहे, मगनवाडी आहे. अलीकडे कमलनयनजींच्या आणि जमनालालजींच्या नावाने चालणारी एक संस्था जिल्ह्यातले नाले खोल करण्याचे आणि पाणी अडविण्याचे काम करते. कोरडवाहू कापसाला याहून मोठे दान नाही. परंतु धुराडे आले नाही. आमची मुले नोकरीसाठी पुण्याला जातात, आणि कधी कधी त्याच आकुर्डीच्या परिसरात खोली घेऊन राहतात.

कारखाना बंदराच्या आणि कुशल कामगारांच्या जवळ जातो, हे कारभाराचे शहाणपण आहे. त्याला मी नावे ठेवीत नाही. भावनेपोटी स्कूटर वर्ध्याला बनविली असती तर कदाचित ती बनलीच नसती. पण शहाणपणाचीही एक किंमत असते आणि ती कोणीतरी भरतो. १९७२ साली, म्हणजे कमलनयनजी गेले त्याच वर्षी, महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायचे, हा हेतू. तीही योजना पुढे मोडकळीस आली. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. गांधींचा जिल्हा, विनोबांचा जिल्हा, जमनालालजींचा जिल्हा.

हे कुणा एका घराण्याचे पाप म्हणणे खुळेपणाचे होईल. पण जमनालालजींनी संपत्ती सांभाळणाऱ्याला विश्वस्त म्हटले, आणि विश्वस्ताला एक प्रश्न नेहमी विचारता येतो: ठेव कुणाची होती? मालकाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्या घराला तो विचारता येतो, यातच त्या घराची थोरवी आहे असे मी मानतो.

कमलनयनजींनी विस्कटलेले आवरले, पुण्याईच्या जागी व्यवस्था आणली, आणि पक्ष निवडताना नफ्याकडे पाहिले नाही. एका सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात एवढे पुष्कळ झाले. देण्याच्या पानावरचा आकडा मात्र अजून पुरता फिटलेला नाही. यंदा लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाचे बोट टेकताना, ज्यांच्या पेढ्या कापसावर मोठ्या झाल्या त्या साऱ्यांनी तो आकडा नव्या वहीत ओढावा, एवढेच बोरकाठच्या एका माणसाचे मागणे आहे. दिवाळीच्या शुभेच्छा आहेतच.